मुखरू मास्तरांचा डावा डोळा

४ डिसेंबर १९५५. सकाळ.
सगळ्यांची तब्येत विचारून झाली. बायकोचा, भागीरथेचा गुडघा कालच्यापेक्षा बरा आहे, पण ते मला कळू नये म्हणून ती कण्हते. रंभेची सर्दी गेली. शेजारचे शफीभाई टेलर यांचा दमा तसाच, मशीन मात्र जोरात. दोन्ही बैल ठीक. माझी तब्येत उत्तम. मला कोणी विचारलं नाही.

आज रंभेला पाहायला पाहुणे येणार. धाकटा भाऊ गेला तेव्हा ही पोर माझं धोतर धरून चालत होती. तिचं वाईट झालं तर वर गेल्यावर भावाला काय तोंड दाखवू? म्हणून मुलाची तपासणी मी स्वतः करणार. सारी नोकरी जंगल खात्याच्या नाक्यावर गेली. गवताखाली सागवान आहे की नाही ते मी गाडीवानाच्या तोंडावरून सांगत असे. (काही वेळा चुकलो. ते गाडीवान फार हसरे होते.)

आता तर शास्त्राचा आधार आहे. बल्लारपूरच्या रद्दीवाल्याकडून आणलेलं इंग्रजी शरीररचनेचं पुस्तक. डिक्शनरी घेऊन चेहऱ्याचे स्नायू पाठ केले. बाकीचे स्नायू हाडं ओढतात, हे कातडी ओढतात, म्हणून मनातलं तोंडावर येतं. 'झायगोमॅटिकस' ओठाचा कोपरा वर नेतो, ते कोणालाही जमतं. पण खऱ्या हसण्यात डोळ्याभोवतीचा 'ऑर्बिक्युलॅरिस' आपोआप आवळतो. तिथं चोर सापडतो. पुढचा धडा नसांचा आहे. नुसत्या तारा. सवडीनं पाहू.

त्याच दिवशी, दुपार.
सापडला! मुलगा मुखरू, गोंडपिपरीला शाळामास्तर. सोबत आई इंदुताई. नाकीडोळी चांगला, बोलणं नम्र. पण रंभेनं चहा पुढं केला, तो हसला, आणि डावा डोळा गच्च मिटला. उजवा उघडा! मग भागीरथेनं सुपारी दिली. पुन्हा तेच. माझ्या बायकोला डोळा, माझ्यादेखत! म्हणजे अर्धा चेहरा खरा, अर्धा खोटा. "कळवतो" म्हणून पाहुण्यांची बोळवण केली.

भागीरथा म्हणते, "मले तं पोरगा लय गुनाचा वाटला. तुमाले आपल्या सावलीचाई संशय येते." रंभा खाली मान घालून कपबशा विसळत होती. पण तिचे दोन्ही ऑर्बिक्युलॅरिस आवळलेले. धोका.

११ डिसेंबर.
इंदुताईंचा निरोप आला, काय ठरलं म्हणून. भागीरथा म्हणते, "पोट्टीले तो पसंत हाय, आता तरी हो म्हना." नकार देण्याआधी पुरावा हवा. गोंडपिपरीला जाऊन पाळत ठेवायचं ठरवलं. उद्याच.

३ जानेवारी १९५६.
उद्या-उद्या करत काल गेलो. पहाटेच बैलबंडी जुंपली. उजवीकडून असा गार वारा की कान बधिर. मफलर घरी राहिला, तो भागीरथेनं आठवणीनं द्यायला हवा होता.

शाळेसमोरच्या चिंचेआड उभा राहिलो. पुरावे पुढीलप्रमाणे. मास्तर पोरांकडे पाहून हसले, डोळा मारला. चपराशाला डोळा मारला. रस्त्यानं चाललेल्या बैलाकडे पाहून हसले, त्यालाही डोळा मारला. म्हणजे संगनमत कुठवर गेलं आहे पाहा. मधल्या सुट्टीत भाकर खाताना डाव्या डोळ्यातून घळघळ पाणी. मन खातंय त्याचं.

५ जानेवारी.
घरात काहीतरी शिजतंय. चहाचा कप गळतो, सदरा भिजला. कप बदलला, तोही गळतो. भागीरथेनं सगळे फुटके कप मलाच काढलेत. भात गालात अडकून बसतो, तांदूळ चिकट आणलेला दिसतो. बैलांना शीळ घातली तर नुसती हवा. थंडीचे दिवस.

सगळ्यात वाईट म्हणजे माझ्याकडे पाहिलं की भागीरथा तोंडाला पदर लावते. रंभा मान फिरवते. मास्तरानं घरातली माणसं फोडली.

६ जानेवारी.
दाढी करताना लक्षात आलं, आरसा वाकडा आहे. जत्रेतला माल. नवा आरसा मागायला शफीभाईंकडे गेलो. ते मशीन थांबवून बघतच राहिले. "देवाजीभाऊ, तुमच्या तोंडाची एका बाजूची टीप उसवली जी!" मी म्हटलं, चेष्टा पुरे. त्यांनी आपला आरसा दिला. तोही वाकडा. शफीभाई म्हणाले, "दोनी आरशे वाकडे अन् तुमी सीधे? लकव्यासारकं दिसून राह्यलं. दवाखान्यात चला."

पदराआड भागीरथा हसत नव्हती. रडत होती.

७ जानेवारी.
घाबरण्याचं कारण नाही. शास्त्र मला येतं. तोंड डावीकडे ओढलंय, म्हणजे बिघाड डाव्या बाजूला. तो झायगोमॅटिकस आखडला, त्याला ढिला करायचा. एरंडाचं पान गरम करून डाव्या गालाला शेक. दवाखान्याची गरज नाही. नसांचा धडा उद्या वाचीन.

१० जानेवारी.
डावा गाल भाजला. तोंड तसंच. झोपेत माझा उजवा डोळा उघडाच राहतो म्हणे. भागीरथा म्हणते, "झोपेतई पाहारा देऊन राह्यले काय?" आणि पुन्हा डोळे पुसते. रंभा देवापुढं बसून असते. तिला लग्नाचं विचारलं तर म्हणाली, "मोठेबाबा, तुमी बरे व्हा पयले. लग्नाचं मरो."
धडा उद्या.

१२ जानेवारी.
मुखरू मास्तर सायकलवर आले. शिकलेला माणूस म्हणून शफीभाईंनी परस्पर बोलावणं धाडलं होतं. मला वाटलं टेहळणीला आले. बसायलाही सांगितलं नाही.

ते आपणच माझ्यासमोर बसले. "बाबाजी, कपायाले आठ्या घाला." मी घातल्या. भागीरथा म्हणाली, अर्ध्याच पडल्या, उजवी बाजू गुळगुळीत. मास्तरांनी सुस्कारा सोडला. "मंग भेऊ नका. डोक्यातला झटका असता तं कपाय दोनी बाजूनं हाललं असतं. हातपाय बरे हायेत. हे कानामागची नस हाय. तिकून निंगते अन् पंज्यासारकी तोंडभर पसरते. तरी दवाखान्यात दाखवू, मी संगं येतो."

मी म्हटलं, पण ओढलाय तर डावा गाल. ते म्हणाले, "ओढते तो गाल बरा. झोपला तो बिमार. तुमी चांगल्या गालाले भाजून राह्यले."

मग खाली पाहून सांगितलं की त्यांनाही हेच झालं होतं, लहानपणी, डाव्या बाजूला. नस पुन्हा वाढली पण वाट चुकली. ओठाला निघालेला हुकूम डोळ्यालाही जातो, म्हणून हसलं की डोळा मिटतो. घास घेतला की पाणी येतं, तेही त्यातलंच. आमच्या आधी दोन घरांनी याच डोळ्यापायी नकार दिलेला.

म्हणजे गाडी ओठाची आणि थांबली डोळ्याच्या नाक्यावर. आणि मी दंडाची पावती फाडली.

रंभा दाराआड होती. मी म्हटलं, मास्तरांना चहा आण. मास्तर हसले, डोळा मिटला. रंभाही हसली. मी दुसरीकडे पाहिलं.

२० फेब्रुवारी.
सुपारी फुटली. लग्न मे महिन्यात. दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही मास्तरांसारखंच सांगितलं. कपाळावर आठ्या परतल्या. शीळ आली, बैल ओळखून थांबले. झोपताना डोळ्यावर पट्टी बांधतो. मी मुळात तब्येतीचा चांगला.

२२ एप्रिल.
हसलं की उजवा डोळा जरा मिचकतो. धूळ असेल.

१७ मे.
लग्न लागलं. इंदुताईंना मानाचं लुगडं देताना मी मनापासून हसलो. उजवा डोळा गच्च मिटला. भागीरथा ओरडली, "अवो, इहीनबाईले डोया काऊन मारता? नातू खेळवाच्या वयात!" इंदुताई मात्र पोट धरून हसल्या. "राहू द्या बाई, माह्या घरची सवय हाय. तवा माह्या पोराले नाक्यावर अडवून ठेवलं यायनं. आता इवाईबुवाच पकडले गेले!" जावई हसले. आम्ही दोघं एकमेकांना डोळा मारत उभे. फोटोवाल्यानं नेमका तोच फोटो घेतला.

पंगतीत घास घेतला आणि डोळ्याला धार लागली. रंभा रीतीपुरतं तूप वाढता वाढता थांबली. "मोठेबाबा, रडता काऊन?" मी म्हटलं, रडत नाही, ती नस आहे, तुझ्या नवऱ्याला विचार. ती वाकून पाहत राहिली. म्हणाली, "नस तं उजवीकडची ना? तुमच्या दोनी डोयातून येऊन राह्यलं."

२० मे.
नसांचा धडा शेवटी वाचला. छोटासाच निघाला. जावयांना पाठवायच्या पत्राचा मजकूर:

चि. मुखरूराव यांस आशीर्वाद. इंदुताईंची तब्येत कशी? तुमचा डोळा कसा? रंभेला घर मानवतं का, जेवते का? भागीरथेचा गुडघा तसाच. शफीभाई बरे. बैल आठवण काढतात. माझा उजवा डोळा घास घेतल्यावर गळतो, त्याचं कारण आता कळलं. डावाही अजून थांबत नाही, घास घेवो न घेवो. ते पुस्तकात कुठंच दिलेलं नाही. तुम्हांला माहीत असेल तर कळवा. नसेल तर रंभेलाच दोन ओळी लिहायला सांगा. पण लौकर.