देवमाशाची ओटी

॥ श्री ॥

बिबवेवाडी, पुणे
२१ जानेवारी २०२५

चि. वल्लरीस शालनआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं हं-हं करतेस आणि तुमच्या खारवलीत रेंज मनाला येईल तेव्हा येते, म्हणून पत्र. टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढलेल्या बाईने पत्र लिहावं, याची तुझ्या काकांना फार गंमत वाटते. वाटू दे.

आमच्या भजनी मंडळाची संक्रांतीची सहल रविवारी तुझ्याच किनाऱ्यावर आली होती. तुला आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून कळवलं नाही, तर तू सर्वेला दुसऱ्या खाडीत! भाची समुद्राचा अभ्यास करते आणि आत्याला समुद्रच दाखवायला नाही, हे आमच्याच नशिबी.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. वाळूवर देवमाशाचं पिल्लू येऊन पडलेलं. पिल्लू म्हणजे आमच्या बसच्या निम्म्याने. भोवती ही गर्दी. एक इसम त्याच्या पाठीवर पाय ठेवून फोटो काढून घेत होता, शिकार केल्यासारखा. त्याला मी विचारलं की आपल्या मातोश्री आजारी पडल्या की आपण असाच फोटो काढता का. पाय काढला त्याने. सरकारी माणूस मात्र औषधालासुद्धा नव्हता.

त्या जिवाचा डोळा बघून मला राहवेना. म्हटलं, ही कुणाची तरी लेक वाट चुकून आलीय, हिला रिकामी कशी पाठवायची? लेकीची ओटी भरली की ती आपल्या घरी सुखरूप जाते. हळदीकुंकवासाठी मंडईतून घेतलेला नारळ होता, तांदूळ होते. माझ्या पिशवीतली नवी हिरवी साडी डोक्यावरून पांघरली. आमच्या मंडळातल्या शर्मिलाने सगळ्याचा व्हिडिओ काढलाय. या सगळ्यात आभाळ तीनदा गडगडलं, जानेवारीत! आणि प्रत्येक वेळी ते अंग थरथरलं. आम्ही म्हटलं, ओटी पावली. मधेच कोंडीराम नावाचा एक कोळी धावत आला आणि साडी ओढून फेकूनच दिली. मला रागच आला.

काका म्हणतात, माशाला साडी नेसवायला दोनशे किलोमीटर गेलीस, घरी पडद्याला हूक लावायला दोन महिने झाले. पिल्लू परत गेलं ना, ते कळव. तिळगूळ सोबत आहे, एकटीने खाऊ नकोस.

तुझी
शालनआत्या

——

खारवली
२४ जानेवारी २०२५

ती. शालनआत्यास वल्लरीचा साष्टांग नमस्कार.

इथे टपाल आठवड्यातून दोनदा येतं, त्यामुळे तुझं काही आलं असेल तर अजून वाटेत आहे. मी लिहितेय ते फक्त राग ओकायला. दुसरं कुणी ऐकून घेणारं नाही.

रविवारी आमच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू आलं. मी दुपारी पोचले. रात्रभर आम्ही बादल्यांनी पाणी मारत होतो. पहाटे ते गेलं. चिरून पाहिलं तर पोटात दुधाचा थेंब नव्हता, म्हणजे आईपासून तुटून दोन-तीन दिवस तरी झाले असणार. आणि दोन्ही कानांच्या हाडांभोवती रक्त साकळलेलं.

कान का, ते सांगते. देवमासे आवाजावर जगतात. आई कुठे आहे ते पिल्लाला दिसत नाही, ऐकू येतं. इथे नव्या जेट्टीसाठी चार महिने पाण्याखालचा खडक सुरुंगाने फोडतायत. त्यात समुद्र तापलाय, तारली मासळी नेहमीच्या जागी राहिलेली नाही, तिच्यामागे देवमासे किनाऱ्याजवळ येतात आणि नेमके या सुरुंगांच्या तोंडी सापडतात. देवमासा दिसला की काम थांबवायचं, अशी परवानगीतच अट आहे. जेट्टी बांधणाऱ्या कंपनीच्या वहीत लिहिलंय, १९ तारखेला रविवार, काम बंद. आवाज ऐकला म्हणणारा एकही गावकरी पुढे येत नाही, कारण घरटी एक माणूस जेट्टीवर कामाला आहे.

आणि आता कंपनीला आयतं कोलीत मिळालंय. पुण्याहून बायकांची एक बस आली होती म्हणे. त्यातल्या कुणा महामायेने पिल्लाची ओटी भरली आणि त्याच्या डोक्यावर साडी टाकली. आत्या, देवमाशाचं नाक डोक्यावर असतं. चौकशी समितीच्या मसुद्यात आता लिहिलंय, 'भाविकांनी नाकपुडी वस्त्राने झाकल्यामुळे गुदमरून मृत्यू.' झालं, सुरुंगवाले मोकळे सुटले. साडी काढणारा कोंडीराम म्हणतो की ती किती वेळ होती ते त्याला ठाऊक नाही.

जिवंत जनावर समोर तडफडतंय आणि यांना आरत्या सुचतात. अक्कल गहाण ठेवून बसमध्ये चढतात का या? तुला पुण्यातली सगळी भजनी मंडळं माहीत आहेत. ही बाई कोण, ते शोधून काढ. मला तिला एकदा समोर उभी करून विचारायचंय.

काकांना नमस्कार. रागावर जाऊ नकोस, माया तशीच असू दे.

तुझी
वल्लरी

——

॥ श्री ॥

बिबवेवाडी, पुणे
२९ जानेवारी २०२५

चि. वल्लरीस आशीर्वाद.

शोधावं लागलं नाही. ती महामाया मीच. माझं २१ तारखेचं पत्र एव्हाना तुझ्या हाती पडलं असेल.

मी माशाचं नाक तोंडाजवळ असतं असं धरून चालले. मासा फक्त ताटात पाहिलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? पण कुणाला विचारलं असतं तर कळलं असतं. तिथे चार कोळिणी पाणी घालत उभ्या होत्या. त्या काहीतरी सांगत होत्या आणि आम्ही आरतीच्या नादात त्यांना जरा बाजूला व्हा म्हटलं. ते मला आता रोज आठवतं. त्यांना बाजूला व्हा म्हटलं.

साडी तीन मिनिटं होती. तीन-तीन मिनिटांच्या ट्रंक कॉलच्या खुर्चीवर बसलेल्या बाईला तीन मिनिटं कळायला घड्याळ लागत नाही, झोपेतही हात जोडणी तोडायला जायचा. पण तीन मिनिटांत ते पिल्लू मेलं का, एवढं मला खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

मंडळात गेले नाही. काकांनी थट्टा केली नाही. काल स्वतःच स्टुलावर चढून पडद्याला हूक लावले, तेव्हा मला फार रडू आलं.

समोर उभी करायची असेल तर सांग, मी येते.

शालनआत्या

——

खारवली
२ फेब्रुवारी २०२५

ती. शालनआत्यास शि. सा. नमस्कार.

तिळगुळाच्या पार्सलमुळे पहिलं पत्र रखडलं, तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. आधी दुसरं उघडलं. मी काय लिहून बसले होते ते आठवून मला जेवण गेलं नाही.

खरं सांग म्हणालीस म्हणून खरंच सांगते. अशी पिल्लं चार-पाच मिनिटं सहज दम धरतात. साडी काढल्यावर ते अठरा तास जिवंत होतं, आमच्यासमोर श्वास घेत होतं. त्याला त्रास नक्की झाला. पण ते साडीने मेलं नाही.

दुसरी गोष्ट लिहू की नको, याचा दोन दिवस विचार केला. ते आभाळ नव्हतं, आत्या. ते सुरुंग होते. ओटी पावली म्हणून अंग थरथरलं असं तू लिहिलंस, ती वाक्यं मी परत वाचू शकत नाही. म्हणजे काम चालू होतं आणि वही खोटी आहे. ज्या पुराव्यासाठी आम्ही दारोदार फिरतोय तो शर्मिलामावशींच्या फोनमध्ये आहे.

आणि तरीही मी सांगते, तो व्हिडिओ कुणाला दाखवू नकोस. त्यात तुझा चेहरा आहे, हातात साडी आहे. देवमाशाला हात लावणं, त्रास देणं हा कायद्याने गुन्हा आहे. कंपनीचे वकील पहिलं बोट तुझ्याकडे दाखवतील, आणि लोक फोनवर तुझी जी चेष्टा करतील ती तू या वयात का सोसावीस? शर्मिलामावशींना तो पुसून टाकायला सांग. आमचे प्रमुख सलिल सर साक्षीदारासाठी तळमळतायत, त्यांना मी तुझी पत्रं दाखवली नाहीत. समितीची शेवटची बैठक दहा तारखेला आहे. तोवर गप्प राहा, एवढं माझं ऐक.

माझ्यावरची माया कमी करू नकोस.

वल्लरी

——

॥ श्री ॥

बिबवेवाडी, पुणे
६ फेब्रुवारी २०२५

चि. वल्लरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि या वेळी रागवायची पाळी माझी आहे.

चोवीस तारखेला तुला ती बाई समोर उभी करून हवी होती. दोन तारखेला ती आत्या निघाली, तर लगेच पुसून टाका? मग खारवलीतला जो माणूस जेट्टीवरच्या भावासाठी गप्प बसतो त्याला तू कुठल्या तोंडाने नावं ठेवतेस? त्याचं निदान पोट त्यावर आहे. माझं काय जाणार आहे? बिबवेवाडीत चार बायका हसतील. त्या नाहीतरी हसतच असतात.

काल शर्मिलाला घेऊन बुधवार पेठेत गेले. तिथल्या एका दुकानात व्हिडिओच्या तीन प्रती पेनड्राइव्हवर करून घेतल्या. दुकानदार म्हणाला की आजी, आरत्या नेटवर फुकट मिळतात. मी त्याला म्हटलं की ही नाही मिळत, आपण आपलं काम करा. एक प्रत समितीला, एक सलिल सरांना रजिस्टर पोस्टाने गेली, तिसरी माझ्यापाशी आहे. सोबत माझा जबाब आहे, सहीनिशी, पत्त्यासकट. काकांनी तो दोनदा वाचला, एक अल्पविराम घातला आणि स्वतः पोस्टात नेऊन दिला.

जबाबात सगळं लिहिलंय. साडी माझी, हात माझे, कोळिणींना बाजूला मीच केलं. साडी तीन मिनिटं होती. ती काढल्यावर पिल्लाने जो श्वास सोडला त्याने माझा चष्मा ओला झाला, तेही लिहिलं. पहिला सुरुंग साडी पांघरायच्या आधी, दुसरा ती असताना, तिसरा ती काढल्यावर. मधलं अंतर सहा मिनिटं आणि नऊ मिनिटं. व्हिडिओत मोजून बघा, एक सेकंद इकडेतिकडे निघालं तर माझी पेन्शन बंद करा. वर लिहिलंय की माझ्या तीन मिनिटांची जी शिक्षा असेल ती मला द्यावी, आणि त्यांच्या चार महिन्यांची त्यांना. माझ्या पदराआड कुणी लपायचं नाही. तू तुमच्या अहवालात माझं नाव गाळलंस तर मी स्वतः येऊन लिहीन. दहा तारखेच्या बैठकीला यायचं मी नाहीतरी ठरवलंय. बसचं तिकीट काढलंय. त्या कोळिणींचीही गाठ घालून दे, त्यांची माफी मागायची राहिली आहे.

आता एक सांगते, ते जबाबात लिहिता आलं नाही. दुकानदाराने मला हेडफोन लावून दिला होता. आरती संपते आणि तिसरा सुरुंग व्हायचा असतो, तेवढ्या वेळात खाली एक आवाज आहे. बारीक, घोगरा, ठरावीक अंतराने येणारा. थांबतो, परत येतो. त्या दिवशी मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते आणि कानात अजून टाळच घुमत होते, म्हणून ऐकला नाही. दुकानदार म्हणाला की मशीनची खरखर असेल. त्याला काय कळणार? मी तीस वर्षं लोकांना लोकांशी जोडून दिलंय. पलीकडे कुणी उचलत नसतं, तरी माणूस परत परत लावत राहतो, तो आवाज मी कुठेही ओळखीन.

ते आईला लावत होतं, वल्लरी. आणि आम्ही सगळे मिळून लाइनवर गोंधळ घालत होतो.

सोमवारी सकाळी स्टँडवर घ्यायला ये. रागावलेली असलीस तरी ये.

तुझी
शालनआत्या