टँकर ‘खाली’ असल्याच्या नोंदीबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
रासायनिक वाहतूक धोका मूल्यांकन समिती,
नवी मुंबई.

अर्जदार : शकुबाई जोतीराम शेडगे, तळमजला, खांदेश्वर.

विषय : पाहणी अहवालातील ‘टँकर रिकामा’ ही नोंद दुरुस्त करून घरालगतचा टँकर थांबा हलविण्याबाबत.

संदर्भ : ‘भीतीचे कारण नाही’ असे कळविणारे आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदार मूळची सातारा जिल्ह्यातील. तिचे मालक जोतीराम बाजारात माथाडी होते. पाठीवर पोत्यांची थप्पी कोसळल्यापासून त्यांचे पाय हलत नाहीत. घरात तिसरी फक्त शाळेत जाणारी नात सुनयना. मालकांची खाट खिडकीशी आहे आणि खिडकीबाहेर लगेच सेवा रस्ता. रस्त्यावर धोका किती, हे ठरवायला आपले पाहणी अधिकारी आले, त्या दिवशी नेमका तिथे एक टँकर थांबला होता. त्याच्या व्हॉल्व्हमधून काहीतरी ठिबकत होते आणि त्या वासाने घरात सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते.

२. साहेबांनी गाडीची काच बोटभर उघडून विचारले, “टँकरचं काय?” चालक सिताराम अर्जदाराच्याच मुलखातला. तो घाबरून चाकांकडे बोट दाखवीत ओरडला, “खाली हाय सायेब, खाली!” म्हणजे गळती खालच्या बाजूला आहे. पण साहेबांचे कान मुंबईचे. इथे रिक्षा खाली, खोली खाली, डबाही खाली. साहेबांनी ‘टँकर रिकामा, धोका निरंक’ असे लिहिले, नाकाला रुमाल लावला आणि काच बंद केली. रुमाल कशासाठी लावला, हे अहवालात नाही.

३. सितारामने व्हॉल्व्ह आवळून, माती टाकून ती वेळ निभावून नेली. जाताना म्हणाला, “मावशी, ह्याची वाफ जड असती. जमिनीलगत सरकती. ठिणगी गावली की संपलं.”  तरीही त्या निरंक नोंदीच्या जोरावर तिथे ‘टँकर थांबा’ अशी पाटी लागली. आता भरलेले टँकर खिडकीला खेटून उभे राहतात.

४. या भीतीने अर्जदाराचे काय झाले, हे लिहायला लाज वाटते, पण लिहिणे भाग आहे. टँकर उभा असेतो देवापुढे दिवा नाही, शेगडी नाही. मालकांना भिजवलेल्या पोह्यांवर दिवस काढावा लागतो. शेजारच्या हळदीला पोरांनी टँकरशेजारी फटाक्यांची माळ मांडली, तेव्हा अर्जदाराने बादलीभर पाणी ओतले. त्यात नवरदेवही भिजला. सोसायटीत आता तिला टँकरआजी म्हणतात. खुशाल म्हणोत. हसणाऱ्यांपैकी कुणाचा नवरा तळमजल्यावर खिळून पडलेला नाही.

५. मध्यंतरी आपल्या माणसांनी गळती झाल्यास बाहेर पडण्याचा सराव घेतला. भोंग्यावर पुकारा झाला, “बिल्डिंग खाली करा!” वरच्या मजल्यांवरची माणसे धडाधड जिने उतरली आणि थेट टँकरपाशी येऊन उभी राहिली. तिथेच सगळ्यांना चहा दिला आणि सराव यशस्वी झाल्याचे जाहीर केले. मालक घरात खाटेवरच होते. त्यांना कोण उचलणार, असे अर्जदाराने विचारले, तर उत्तर मिळाले, “आजी, टेन्शन नका घेऊ, प्रॅक्टिस आहे ही.”

६. तरी सदर नोंद दुरुस्त व्हावी, थांबा वस्तीपासून लांब न्यावा आणि पुढील पाहणी कृपा करून गाडीतून उतरून व्हावी.

७. काल मालकांनी अर्जदाराला हात धरून जवळ बसवून घेतले. म्हणाले, “काय झालंच, तर पोरीला घ्यायचं आन् पळायचं. माझ्याकडं वळून बगायचं न्हाई. हो म्हन.”  त्यांनी हात सोडला नाही, तेव्हा ती हो म्हणाली. मालक निर्धास्त झोपले. अर्जदाराचा डोळा लागलेला नाही. महोदय, तो शब्द पाळायची वेळ तिच्यावर येऊ देऊ नये.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
नम्र अर्जदार

शकुबाई जोतीराम शेडगे
खांदेश्वर, दि. ९ डिसेंबर २०२५