पोटात ठेवलेलं

९ सप्टेंबर, मंगळवार

बॉबिन परत आली. टेलरमास्तरांनी आपली कुत्री दोन्ही हातांवर आडवी धरून दवाखान्यात आणली. चालवतच नाही तिला.

ऑपरेशनला आज अकरा दिवस झाले. गर्भाशयात पू झाला होता, दादाने ते काढून टाकलं, चौथ्या दिवशी शेपूट हलवत घरी गेली होती. आज ताप एकशे पाच, हिरड्या विटकरी, पोट ताणलेलं. सुई घालून पाणी काढलं तर गढूळ निघालं. थांबण्यात अर्थ नव्हता. दादा नेमका आज नाही – वहिनीचे गुडघे दाखवायला दोघं पहिल्या बसने मोठ्या हॉस्पिटलात गेलेत. मास्तरांना म्हटलं, पोट पुन्हा उघडावं लागेल. ते म्हणाले, "उघडा. मी इथे बाकावर आहे."

मावशी भुलीवर लक्ष ठेवायला. पंधरा वर्षं आहेत त्या दवाखान्यात, अर्ध्या डॉक्टरच. टाके सोडले आणि आधी वास आला. आतडी एका जागी गोळा होऊन चिकटलेली. मला वाटलं गाठ आहे. बोटांनी सोडवत गेले, आणि बोटाला कापड लागलं.

रक्त टिपायचा गॉजचा बोळा. आमचाच.

मावशींनी पाहिला, मी पाहिला. तिथलं आतडं काळं पडलं होतं, चार बोटं कापून जोडलं, पोट तीनदा धुतलं. शिवायच्या आधी बोळे दोनदा मोजले. हा नियम दादाचाच – मोजल्याशिवाय शिवायचं नाही. कॉलेजातून आले त्या पहिल्या दिवशी त्याने मला हेच शिकवलं होतं.

बाहेर आले तर मास्तर उठून उभे. मी म्हटलं, "आतडं चिकटलं होतं. कधीकधी होतं असं ऑपरेशननंतर."

किती सहज आलं तोंडून.

मावशींना सांगितलं, साहेबांना यातलं काही कळता कामा नये. त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं, ताई."

१० सप्टेंबर, बुधवार

दादा आला. आल्या आल्या विचारलं, "मास्तरांची कुत्री कशी आहे?"

"आतडं चिकटलं होतं. सोडवलं."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग "बरं" म्हणाला आणि पिंजऱ्यापाशी स्टूल ओढून बसला, आत हात घालून तिची नाडी धरून. दुपारभर तिथेच. वहिनीच्या गुडघ्यांचं विचारलं तर म्हणाला, वयाप्रमाणे आहेत. संध्याकाळी दोन कुत्री अजून बाकावर असताना उठला – पाय मोकळे करून येतो म्हणाला. परत आलाच नाही. असा कधी जात नाही तो.

दमला असेल. साठीला आला आता. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा.

११ सप्टेंबर

बॉबिन चार चमचे पाणी प्यायली. ते राहिलं पोटात. मास्तर सकाळ-संध्याकाळ येतात, गळ्यातली टेप काढून खिशात ठेवतात आणि तिच्याशी गिऱ्हाइकांबद्दल बोलतात. कुणाची कंबर वाढली, कोण मान्य करत नाही. ती कान हलवते. सात वर्षं शिलाई मशीनच्या पायडलपाशी दोऱ्यासारखं वेटोळं करून झोपायची, म्हणून बॉबिन.

बाकी दिवस नेहमीचा. एका पोपटाची चोच कापली, त्याने मला शिव्या दिल्या. मालकीणबाई म्हणाल्या, "हे शब्द आमच्या घरातले नाहीत हं, डॉक्टर."

१३ सप्टेंबर, शनिवार

गेली. दुपारी अडीच.

सकाळपासून पाय गार होते. जोडलेल्या जागेतून गळत असणार. तिसऱ्यांदा उघडून काही हाती लागलं नसतं. मास्तरांना बोलावून घेतलं. त्यांनी विचारलं, "त्रास होतोय का तिला?" मी हो म्हटलं. "मग थांबवू नका."

इंजेक्शन दादा देईल असं वाटलं होतं. मोठी, अवघड इंजेक्शनं नेहमी तोच देतो, लोकांशी दोन शब्द त्यालाच बोलता येतात. पण तो म्हणाला, "तू दे." आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मीच दिलं. मास्तरांनी तिचं डोकं धरलं होतं, अंगठा कपाळावरून मागे फिरत होता – कापडावरची सुरकुती काढतात तसा. ती गेल्यावरही फिरतच होता.

जाताना म्हणाले, "तुम्ही तुमच्याकडून काही कमी केलं नाहीत."

तेव्हा सांगता आलं असतं. दार उघडंच होतं, ते पायरीवर होते, मी मागे होते. नाही सांगितलं.

१४ सप्टेंबर

रविवार. दिवसभर अंथरुणात. जेवले नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दादावर डोळा ठेवून आहे. लाज वाटते लिहायला, पण आहे.

आज मांजराला लस देताना त्याने सिरिंज खिडकीकडे धरली. मग किंचित बाजूला. मग मावशींना म्हणाला, "किती आलं बघा." लसीच्या बाटलीवरची तारीखही त्यांनीच वाचली. हे कधीपासून चाललंय? मी त्याच खोलीत असते आणि मला दिसलं नाही.

हात मात्र तसेच आहेत. एका म्हाताऱ्या कुत्र्याच्या पोटावर नुसता तळवा ठेवला आणि म्हणाला, प्लीहा मोठी आहे. सोनोग्राफी केली. होती.

१८ सप्टेंबर, गुरुवार

मास्तर येऊन गेले. उरलेली औषधं पिशवीत घालून आणली होती – गोळ्या, सलाइनची न फोडलेली बाटली. दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल म्हणाले. दादा खुर्चीतून उठला, पिशवी स्वतः घेतली, आणि मास्तरांचा हात धरून ठेवला. मला ते बघवेना. आत जाऊन उगाच नळ सोडला.

या माणसाला दादा काय वाटत असेल? देवमाणूस. आणि दादाला काही पत्ताच नाही. गाढ झोप लागत असेल त्याला. सगळं माझ्या एकटीच्या पोटात.

२० सप्टेंबर, शनिवार

या आठवड्यात चार ऑपरेशनं, चारही मीच केली. दादाला कधी पाठ, कधी सर्दी, कधी "तुझा हात बसला पाहिजे". माझा हात! वीस वर्षं झाली. आधी बरं वाटलं, निदान तो चाकूला हात लावत नाही. मग राग आला. आळस करतोय आणि मी मर मर मरतेय.

एका बाईंनी विचारलं, माझा कुत्रा रात्रभर भुंकतो, आवाजच काढून टाकता येईल का. म्हटलं, येतो, पण मी काढत नाही. "मग मी कुठे जाऊ?" त्यांचं तोंडही रात्रभर जागं राहिलेल्या माणसाचं होतं. त्यांना बसवून चहा दिला. दुसरं काही सुचलं नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

दुपारी वहिनी वर आली, माझ्या खोलीत. दवाखान्याच्या डोक्यावरच राहते मी, तरी वहिनी वर्षातून दोनदा चढते – गुडघ्यांमुळे. आज चढली. पलंगावर बसून दम घेतला आणि म्हणाली, "गुडघे दाखवायला नव्हतो गेलो आम्ही."

डोळे. दोन्ही. मधोमध डाग पडलाय पडद्याला. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. "माझ्याकडे बघतात तेव्हा माझं तोंड सोडून बाकी सगळी मी दिसते म्हणाले." गेल्या हिवाळ्यापासून त्याला वाटत होतं मोतीबिंदू असेल, सवड मिळाली की काढू. नऊ तारखेला कळलं की हे काढायचं नसतं. वाढणार आहे फक्त.

"तुला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय मला," वहिनी म्हणाली. "पण मी आज मोडतेय. घरात बोलत नाहीत. जेवताना मीठ कुठे आहे ते हाताने चाचपतात आणि मी बघितलं तर रागावतात."

मी वहिनीचा हात धरून बसले. तिला बोळ्याचं सांगितलं नाही. लाल रक्तात भिजलेला लाल बोळा, आणि नेमकं मधलंच दिसत नसलेला माणूस. त्याने मोजले असतील. मोजताना एक त्या डागात गेला असेल.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्यावर राग जास्त आला – हिवाळ्यापासून!

२४ सप्टेंबर, बुधवार

बोलले. सगळं बोलले.

निमित्त झालं एका जुन्या गिऱ्हाइकाचं. त्यांच्या कुत्रीच्या स्तनावर गाठ आहे, आणि त्यांचा हट्ट, मोठ्या डॉक्टरांनीच काढायची. दादा त्यांना नाही म्हणाला नाही. "बघू" म्हणाला. ते गेल्यावर मी दाराला कडी घातली.

"बघू म्हणजे काय? तुला दिसतं का?"

तो हात धूत होता. धूतच राहिला. "वहिनीने सांगितलं."

"तिने डोळ्यांचं सांगितलं. दुसरं मी सांगते. बॉबिनच्या पोटात तुझा बोळा होता. आतडं आपोआप चिकटलं नव्हतं, मी खोटं बोलले. तुझ्यासाठी. मास्तरांशी खोटं बोलले, आणि ते औषधं परत द्यायला आले तेव्हा तू इथे खुर्चीत बसून होतास. तुला माहीतही नाही तू काय केलंस, दादा. तू रात्री निवांत झोपतोस आणि मी पंधरा दिवस डोळा मिटलेला नाही."

अजूनही बोलले. हा दवाखाना म्हणजे तुझा मान सांभाळायची जागा नाही म्हणाले. एका मुक्या जनावराने तुझ्या मानापायी जीव दिला म्हणाले. हे शब्द माझेच.

त्याने नळ बंद केला. टॉवेल नेहमीच्या खिळ्यावर होता, त्याचा हात एकदा चुकला, मग सापडला.

"किती सापडले?"

"एक."

"बरं." हात नीट पुसले, एकेक बोट. "उद्यापासून तू बघ, छोटी. मी त्या कुत्रीचं त्यांना फोन करून सांगतो."

चूक झाली असं म्हणाला नाही. कडी काढून निघून गेला. छत्री विसरला.

मी जिंकल्यासारखी उभी होते.

२५ सप्टेंबर

दादा आला नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

गाठीच्या कुत्रीचं ऑपरेशन झालं. बरी आहे. बोळे तीनदा मोजले, मावशींनीही मोजले. शेवटचा टाका घालताना सवयीने मान वर केली – तो समोर उभा असतो ना, मान हलवतो. समोर नुसती औषधांची फळी होती.

दिवसभर एकच प्रश्न. मोठे डॉक्टर कुठे? मोठे डॉक्टर कधी येणार? विश्रांती घेताहेत म्हणते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ससा परत पेटीत घातला, सोमवारी येतो म्हणाले, ते आले की. सोमवारीही नसतील म्हटलं. तेव्हा पेटी पुन्हा उघडली आणि म्हणाले, "तुम्ही बघा मग." जणू माझ्यावर उपकार.

मावशी माझ्याशी कामापुरतं बोलतात. विचारलं, काय झालं? "काही नाही, ताई." कपडे पिळताना जरा जास्तच जोर.

३० सप्टेंबर, मंगळवार

वहिनीचा फोन. दादा गॅलरीत बसून असतो, रेडिओ लावून, बंद झाला तरी उठत नाही. "तू ये ना एकदा," म्हणाली. कुठल्या तोंडाने जाऊ? आधी त्याने यावं, असंही वाटतं. चूक कुणाची होती? त्याची. मग मलाच चोरट्यासारखं का होतंय?

एवढं मात्र ठरलंय. त्याने कबूल करो न करो, मास्तरांना खरं कळलं पाहिजे. त्यांच्या दुकानावरून जायचं म्हणून मी हल्ली लांबच्या गल्लीने भाजी आणते. हे असं नाही चालायचं. उद्या दुपारी दवाखाना बंद झाला की जाणार. मग काय शिव्या घालायच्या त्या घालू देत, सगळ्या गावाला सांगू देत.

१ ऑक्टोबर, बुधवार

मास्तरांनी मशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला माहीत आहे, बाई. मोठे डॉक्टर दहा तारखेलाच येऊन गेले. तुमच्या त्या मावशींनी त्यांना सकाळीच सांगितलं होतं. बॉबिन जिवंत होती तेव्हा. चूक माझी म्हणाले, डोळ्यांचंही सांगितलं. इथे स्टुलावर बसून रडले."

मला का नाही सांगितलं कुणी, मी विचारलं.

"त्यांनीच नको म्हटलं. म्हणाले, बहीण माझ्यासाठी खोटं बोललीय, तिला येत नाही बोलता. मला कळलंय हे तिला समजलं तर तिला माझ्याकडे बघता येणार नाही."

तिथून सरळ दादाकडे गेले. वहिनीने दार उघडलं. मी चपला काढल्या आणि उंबऱ्यातच उभी राहिले. तो गॅलरीतून माझ्याकडेच बघत होता.

"कोण आहे?" त्याने विचारलं.