गाळाच्या बांधाची तालीम

आबा,

तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं होऊन गेली आणि मी अजून तुम्हाला कामाचंच सांगतेय. उद्या साताऱ्यात चौकशी समितीपुढे माझा जबाब आहे. विचारतील ते एकच: बांध फुटला तर वस्तीने काय करायचं, याची तालीम गावात घेतली होती का? नोंदवहीत ‘घेतली’ असं लिहिलंय. खाली सही माझी.

तुमच्या वेळी आपल्या खाणीत नुसता दगड फोडायचे. आता नदीची वाळू मिळत नाही म्हणून दगडाचाच भुगा करून धुतात, आणि ते राखाडी गाळपाणी मातीच्या बांधामागे साठवतात. त्या बांधाचा आपत्कालीन आराखडा मी लिहिला, सांगलीला विश्रामबागेतल्या ऑफिसात पंख्याखाली बसून. पायथ्याशी झिरपणारं पाणी राखणदाराने रोज बघायचं. ते गढूळ आलं की भोंगा वाजवायचा आणि खालच्या वस्तीने माळावर चढायचं. भोंगा ग्रामपंचायतीवर होताच, नवा कशाला, म्हटलं. स्वतःच्या हुशारीवर खूश होते मी.

तुम्ही मुकादम होतात तेव्हा सुरुंगाआधी शिट्टी व्हायची, लाल झेंडा लागायचा, आणि तरी तुम्ही घरोघर जायचात. कॉलेजच्या सुट्टीत मी आले होते. तुमचा पाय सुजलेला, म्हणून मला पाठवलंत. मी अर्ध्या वाटेवरून हाक मारली आणि परत फिरले. “समदी भाईर आली?” तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, “आवं, ऐकलं असंल की.” तुम्ही सगळ्यांसमोर काम थांबवलंत आणि लंगडत स्वतः गेलात. आल्यावर म्हणालात, “ऐकू गेलं म्हंजी कळलं, असं न्हाई, पोरी. माणूस हाललेला डोळ्यांनी बघायचा.” एवढा अपमान वाटला की दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही.

आता गावाची एक रीत सांगते, ती तुमच्या मागची. रोज संध्याकाळी सातला तोच भोंगा वाजतो. वाजला की घरोघरचे टीव्ही बंद, मोबाइल बाजूला, पोरं अभ्यासाला. गावाला त्याचा अभिमान आहे. मलाही हे चांगलं ठाऊक होतं, पण डोक्यात प्रकाश पडला नाही. तालमीच्या दिवशी ऊन रणरणत होतं, सरपंच फलटणला लग्नाला गेलेले, वस्तीतली माणसं ऊसतोडीत. मी खाणीवरच नोंदवही भरली आणि सांगलीची गाडी पकडली.

गेल्या महिन्यात बांध फुटला तो सातच्या जरासा आधी. राखणदाराला गढूळ पाणी दिसलं, त्याने धावत जाऊन भोंगा वाजवला, अगदी आराखड्यात लिहिलं होतं तसं. वस्तीने टीव्ही बंद केले. पोरांनी दप्तरं काढली. ज्यांना ओढ्यातून येणाऱ्या गाळाचा आवाज आला ते तेवढे पळाले. एक म्हातारी, पायांनी चांगली धडधाकट, टीव्ही बंद करून भाकरी थापायला बसली होती. ती गाळात गेली.

एकदा, फक्त एकदा तालीम झाली असती, तर हा घोळ त्याच दिवशी सगळ्यांच्या लक्षात आला असता. हसून दुसरा आवाज ठरवला असता, हलगी म्हणा, काहीही. वकील म्हणतात, सहीवर ठाम राहा, नाहीतर नोकरी जाईल आणि खटलाही होईल. मला भीती वाटते, आबा. उद्या तोंडातून काय निघेल, मलाच माहीत नाही. हे कागद तुमच्यापर्यंत पोचणार नाहीत, म्हणून तरी इतकं लिहिता आलं.

परवा म्हातारीच्या घरी जाऊन आले. तिची सून दारातच रडली, मग तिनेच माझ्यासाठी चहा टाकला. म्हणाली, “तुमी तरी काय करनार, ताई? तुमी भोंगा वाजिवला की. आमचंच चुकलं, म्हातारीच उठली न्हाई.” तिला थांबवायला मी तोंड उघडलं होतं. मग चहा प्यायले, कप खाली ठेवला आणि “येते” म्हणून निघाले.