देवाला दिलेला खांदा

बुधवार, दि. ८ जानेवारी २०२५. सकाळी ६ वाजून ४० मिनिटे.

दादूकाकांच्या ओटीवर बसून बाटल्यांना चिकटवायच्या चिठ्ठ्या कापत आहे. काल संध्याकाळी माणगावहून एस.टी.ने आलो. शेवटचा चढ चालावा लागला. वाटेत एकदा झाडीतून समुद्र दिसला आणि मला उगीचच हसू आले. नोकरी लागली आहे! बारावीत दोनदा नापास झालेला मुलगा झेरॉक्सच्या दुकानातून बाहेर पडेल असे घरी कोणाला वाटले नव्हते. रुचिका मॅडम पुण्याच्या संशोधन संस्थेच्या. कागद छापायला दुकानात आल्या, तेव्हा त्यांनी माझ्या हातची यादी पाहिली आणि म्हणाल्या, की ऱ्हस्व-दीर्घ इतके चोख लिहिणारा माणूस मला बाटल्यांवर नावे घालायला हवा. पगार चौदा हजार.

गाव मोरकोंड. हरिहरेश्वराच्या मागच्या डोंगरात वीस-पंचवीस घरे, सगळी भातशेतीची. तरणी माणसे मुंबईला. मी ज्यांच्याकडे उतरलो आहे ते दादूकाका आणि काशीकाकी दोघेच असतात, मूलबाळ नाही. रात्री तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे आणि सुकट. पाणी उकळून मिळेल का असे विचारले, तर काकी म्हणाल्या, की आमच्या विहिरीच्या पाण्याने आजारी पडलास तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, तेव्हा बेताने आजारी पड. मी न उकळता प्यायलो. गोड पाणी आहे.

गुरुवार, दि. ९ जानेवारी. संध्याकाळी.

कामाची पद्धत लिहून ठेवतो. पांढऱ्या फलालीनचे मोठे कापड काठीला बांधायचे आणि रानात पालापाचोळ्यावरून हळू ओढत न्यायचे. थोडे अंतर गेले की थांबून कापड उलटायचे. पांढऱ्यावर काळे ठिपके चालताना दिसतात. त्या गोचिड्या. मोठ्या मसुराएवढ्या, पिल्ले तिळाएवढी. चिमट्याने उचलून बाटलीत, कापसाचा बोळा, वर चिठ्ठी. पँट मोज्यांत खोचायची, अंगाला तेल लावायचे, घरी आल्यावर काखा, जांघा, कानामागे तपासायचे. मी तीनदा तपासतो.

दादूकाका वाट दाखवायला बरोबर असतात. अनवाणी. मला ‘मास्तर’ म्हणतात. आज विचारले, की मास्तर, रानाला धोतर नेसवताय व्हय? मग स्वतःच बराच वेळ हसले.

दक्षिणेकडे, सिंधुदुर्गाच्या बाजूला, या गोचिड्यांमुळे माकडताप येतो. आधी माकडे-वानरे मरतात. अंग थंड पडू लागले की गोचिड्या ते सोडतात आणि जवळ जो असेल त्याला धरतात. आपल्या भागात तो आहे की नाही हेच मॅडमना शोधायचे आहे. पण खात्री होईपर्यंत गावात तापाचे नाव काढायचे नाही, लोक घाबरतात, रानात जाऊ देत नाहीत, असे त्यांनी मला दोनदा बजावले आहे. मी नाव काढलेले नाही.

वाटेवर वानरांची टोळी आहे. काळी तोंडे, लांब शेपट्या. काजूंवर बसून आम्हाला बघत होती. एरवी भुभुःकार करतात म्हणे. आज एकही ओरडले नाही.

रविवार, दि. १२ जानेवारी. दुपारी.

काल शेजाऱ्यांकडे पोपटी होती. वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याचा पाला मडक्यात भरून वर जाळ. मला आग्रहाने वाढले. इथली माणसे चांगली आहेत.

आज सकाळी एक मोठा वानर आमच्या दारात आला. कुत्रा भुंकला तरी हलला नाही. भिंतीला टेकून माणसासारखा बसला. डोळे लाल. काकींनी त्याच्यापुढे पितळीत पाणी ठेवले. त्याने तोंड बुडवले आणि डोके वर उचलेना, तसाच पडून पीत राहिला. काकी पदर डोक्यावर घेऊन हात जोडून उभ्या. मी त्यांना लांब व्हा म्हणालो. त्या म्हणाल्या, की अरे, मारुतीराया तहानेने दारात आलाय, आणि मी लांब होऊ?

मॅडमना फोन केला.  त्या म्हणाल्या, की तो मेला तर कोणालाही हात लावू देऊ नकोस, आम्ही परवा सकाळी पोचतो.

सोमवार, दि. १३ जानेवारी. संध्याकाळी.

मेला. पहाटे मारुतीच्या देवळापुढे पडलेला सापडला.

मी तिथे जाऊन उभा राहिलो. सांगितले, की मॅडम येईपर्यंत हात लावू नका, त्याला रोग असेल. कुठला, असे दयारामअण्णांनी विचारले. ते इथले गावकार, गावाच्या देवाधर्माचे बघतात. मी म्हणालो, तपासायचे आहे. अण्णा म्हणाले, की देव काय तुझ्या मॅडमची गाडी येईपर्यंत कुजत पडायचा?

इथली रीत अशी, की वानर मेला तर माणसासारखे सगळे करायचे. ज्याच्या दारचे शेवटचे पाणी तो प्याला, तेच त्याचे घर. म्हणजे आमचे. दादूकाकांनी डोके भादरले. काकींनी त्याला मांडीवर घेऊन कोमट पाण्याने अंघोळ घातली. काकी रडत होत्या. म्हणाल्या, की तीस वर्षे झाली या घरात, मला आई म्हणून कोणी आले नाही, हा आला.

तेव्हा मी जवळच होतो. वानराच्या कानामागून तीळ सांडावेत तसे काहीतरी निघाले. पण तीळ चालत नाहीत. ते काकींच्या पदरावर चढले, पदरावरून दंडावर. दादूकाकांनीही पाहिले आणि माझ्याकडे बघून विचारले, हे काय रे मास्तर?

मी म्हणालो, मुंग्या आहेत. आणि हाताने झटकल्या.

का म्हणालो ते मला सांगता येत नाही. सगळे गाव बघत होते. नाव काढायचे नव्हते.

मग त्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून नव्या लुगड्याने बांधले, गुलाल, झेंडूचे हार, आणि मिरवणूक. बायकांनी तान्ही पोरे त्याच्या पायांवर घातली. आमच्या घरातला म्हणून खुर्चीला खांदा मला द्यायला लावला. मी रबरी हातमोजे घातले तेव्हा दादूकाका हळूच म्हणाले, की आपल्या माणसाला मोजे घालून खांदा देतोस व्हय? मी ते काढले. त्याचे डोके वाटभर माझ्या कानाला लागत होते.

मंगळवार, दि. १४ जानेवारी. संक्रांत.

घरात दहा दिवसांचे सुतक. त्यामुळे तिळगूळ नाही. मला बरे वाटले, आज मला तीळ बघवले नसते.

मॅडम आल्या, बरोबर पांढरे अंगरखे आणि तोंडावर मुखपट्टी घातलेली तीन माणसे. पोरे त्यांच्यामागे हसत फिरली. काल पुरलेल्या वानराची समाधी उकरायला गावाने साफ नकार दिला. मग देवळापुढची माती, पाचोळा आणि त्यातल्या गोचिड्या घेतल्या, पांढरी भुकटी मारली. मॅडमनी देवळात सगळ्यांना सांगितले, की गोचिड्या वाईट, काही दिवस पातेरा आणायला रानात जाऊ नका. बायका हसल्या. आता वाळका पाला आणून ठेवला नाही तर राब कशाने भाजायचा, आणि राब भाजला नाही तर भाताचे रोप कुठून यायचे?

निघताना मॅडमनी मला बाजूला घेतले. कोणाला ताप आला तर तासाचाही उशीर न करता दवाखान्यात न्यायचे, वेळेवर नेले तर बहुतेक माणसे वाचतात. वानराला हात कोणी लावला, असेही विचारले. मी म्हणालो, गावातल्या लोकांनी. तू? मी म्हणालो, नाही.

शुक्रवार, दि. १७ जानेवारी.

अजून दोन वानर आले. आमच्याच दारात, त्याच पितळीपाशी. एक आज सकाळी मेला, त्यालाही पुरले. काकींचे घर म्हणजे देवाचे घर झाले आहे. पलीकडच्या वाडीतून माणसे नारळ घेऊन येतात आणि काकींच्या पाया पडतात. काकी लाजतात. पण मान ताठ झाली आहे. इतक्या वर्षांत लग्नाकार्यात त्यांना कोणी पुढे बसवले नव्हते, असे दादूकाका म्हणाले.

मी आज सांगणार होतो. काकी नारळ फोडून खोबरे वाटत होत्या. नंतर सांगू म्हटले.

दुपारी त्यांनी रानातून पातेऱ्याचा भारा आणला आणि ओटीच्या टोकाला रचला. मी झोपतो तिथून हातभर अंतरावर. अंथरूण आत घेतले.

माझ्या गुडघ्यामागे एक सापडली. केव्हाची आहे कळत नाही. फुगलेली. चिमट्याने काढली, बाटलीत घातली, चिठ्ठीवर तारीख लिहिली. ठिकाण लिहायचे तिथे काय लिहू ते सुचले नाही.

रविवार, दि. १९ जानेवारी.

काकींना ताप. सकाळी चुलीपाशी बसल्या त्या उठल्याच नाहीत. डोके फुटते म्हणतात. डोळे लाल.

मी दवाखान्यात जाऊ म्हणालो. दादूकाका म्हणाले, की सुतकात उपास घडलेत, अशक्तपणा हाय. काकी म्हणाल्या, की दहावे झाल्याशिवाय मी उंबरा ओलांडायची न्हाय, लेकराचा पिंड राहील. दहावे बुधवारी.

मी म्हणालो, हिवताप असेल, तरी दाखवलेले बरे. हिवताप म्हणालो.

वानर पाच आहेत. कौलांवर बसतात. रात्रभर कौले हलतात.

सोमवार, दि. २० जानेवारी.

मॅडमचा फोन. देवळापुढच्या गोचिड्यांत सापडले. तोच ताप. आता सगळ्यांना स्पष्ट सांग, रुग्णवाहिका पाठवते, म्हणाल्या.

मी दादूकाकांना सगळे सांगितले. नाव घेऊन सांगितले. ते काकींच्या कपाळावर ओला फडका ठेवत होते. फडका तसाच हातात राहिला.

त्यांनी विचारले, “तुला त्या दिशी ठावं होतं?”

मी हो म्हणालो.

“मंग मुंग्या का म्हनालास?”

 ते रागावले असते तर बरे झाले असते. ते उठले आणि शेजाऱ्यांच्या जीपचे विचारायला गेले. काकी डोळे मिटून म्हणाल्या, “पोराला बोलू नका. भ्यालं असंल.”

मंगळवार, दि. २१.

रुग्णवाहिका घाटाखाली अडली, म्हणून काकींना जीपने माणगावला नेले. नाकातून रक्त येत होते, थांबत नव्हते. उंबऱ्यावर त्यांनी दाराची चौकट धरली. दादूकाकांनी बोटे एकेक करून सोडवली.

गावात आणखी चार घरी ताप. त्यांतली तीन खुर्चीला खांदा दिलेल्यांची. लोकांनी दारे लावून घेतली आहेत. आमच्या दारावरून कोणी जात नाही. नारळ बाहेर तसेच पडले आहेत.

दुपारपासून मला थंडी वाजते आहे. जीपमध्ये जागा होती. मला ये म्हणाले नाहीत. मीही म्हणालो नाही.

बुधवार २२.

डोके. उजेड सहन होत नाही, खिडकीला चादर लावली आहे.

वानर ओटीवर आले आहेत. फटीतून पाहिले. ओळीने बसले आहेत, तोंडे दाराकडे. ओरडत नाहीत. पितळी कोरडी आहे. एकाने ती उचलून दारावर आपटली — नंतर थांबला — पुन्हा —

मॅडमना फोन केला. मीही खांदा दिला होता हे सांगितले. त्या रडल्या असे वाटले. गाडी निघाली आहे, पाणी पीत राहा, दार उघडू नकोस.

पाणी विहिरीवर आहे.

बुधवारच. किंवा गुरुवार.

दादूकाकांचा फोन. म्हणाले, काशी गेली. पहाटे.  मी बोलायला गेलो तर हिरड्यांतून रक्त —

ते म्हणाले, तू दवाखान्यात ये. एवढेच. शिवी दिली नाही.

—

ओळीतला एक कमी झाला आहे. ओटीवर पडला असावा. बाकीचे त्याच्याभोवती. दाराखालून तीळ येत आहेत. झाडतो. पुन्हा येतात. खरे आहेत की माझे डोळे —

गाडीचा आवाज आल्यासारखा वाटला. नव्हता.

हिशेब लिहून ठेवतो, मागाहून कोणाला त्रास नको.

खर्च : एस.टी. भाडे १४५. टॉर्चचे सेल ६०. साबण, तेल ९५. पहिल्या वानराच्या हाराची वर्गणी ५०.

येणे : अर्ध्या महिन्याचा पगार ७,०००. माणगावला आईला द्यावा. बाटल्या कपाटात आहेत, चिठ्ठ्या लावलेल्या. एकीवर ठिकाण लिहायचे राहिले आहे. माझा गुडघा.

देणे : शेजारी, पोपटीची अंडी, ४०. घेणार नाहीत, तरी द्यावेत.

काशीकाकी, चौदा दिवसांचे जेवण, दिवसाला १००, एकूण १,४०० — आता दादूकाकांकडे —

दादूकाका :