गौतमच्या नावाचा कोहळा

कळंब,
१४ सप्टेंबर १९७५

चि. श्रीपत यास सुंदराताईचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. सौ. पारूलाही जयभीम सांग.

मी बरी आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना धाडणार असं तू कबूल केलंस, तेव्हापासून परसात मी कुणाला पाय ठेवू दिलेला नाही. पेरूच्या फांदीला झोका बांधला आहे. काकडीचा मांडव मुद्दाम बुटका घातला, सुजाताचा हात पोचावा म्हणून. आता काकडी तोडायला मलाच रांगावं लागतं. गौतमला किडे आवडतात ना, म्हणून एका कोपऱ्यातलं गवत काढलंच नाही. शेजारची गंगाबाई मला आळशी म्हणते. म्हणू दे बापडी. हे गेल्यापासून या घरात पोरांचा आवाज नाही, तो एकदा होऊ दे.

एक गंमतही केली आहे. कोवळ्या फळावर काट्याने नाव कोरलं की फळाबरोबर नावही वाढतं. भोपळे सगळे सडले, कोहळे तेवढे तगले, म्हणून दोघांची नावं कोहळ्यांवर घातली. पोरांना सांगू नकोस, वेलांत शोधू देत.

मुलांना पापे. तुझी माया आहे, ती अशीच राहो.

तुझी सुंदराताई

भिसेगाव,
२० ऑक्टोबर १९७५

ती. सुंदराताईस श्रीपतचा सविनय जयभीम.

तू रांगत काकड्या तोडतेस हे वाचून मी फार हसलो. मी वर्गातल्या मुलांनाही तुझ्या बागेचं सांगितलं. पण गौतम चार दिवस तापाने पडून आहे. थंडी वाजून येते आणि अंग भाजतं. डॉक्टरांनी रक्त तपासायला नेलं आहे. सुट्टीत येणं जमेलसं दिसत नाही. तो मात्र तापातही झोक्याचंच विचारतो. तू काळजी करू नकोस.

आशीर्वाद असू दे.

तुझा श्रीपत

कळंब,
२४ ऑक्टोबर १९७५

चि. श्रीपत यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. पोराला बागेत येता येत नाही, तर बागेने त्याच्याकडे जावं. म्हणून त्याच्या नावाचा कोहळा इथल्या दामूच्या टेंपोतून धाडते आहे. गौतमच्या उशाशी ठेव, पडल्या पडल्या अक्षरांवरून बोट फिरवील. बरा झाला की पारूला त्याच्या वड्या करायला सांग. सुजाताचा कोहळा वेलावरच आहे, तिला रुसू देऊ नकोस.

दोन ओळी लगेच टाक. जीव टांगणीला लागला आहे.

तुझी सुंदराताई

भिसेगाव,
१ नोव्हेंबर १९७५

ती. सुंदराताईस सविनय जयभीम.

गौतमला हिवताप निघाला. गोळ्यांनी उतार आहे.

आता जरा अवघड लिहितो. कोहळा पाहून पारूने किंकाळी फोडली. तिची आई इथेच आहे. जिवाच्या बदली कोहळा कापतात, आणि यावर पोराचं नाव काट्याने कोरून वड्या करायला सांगितलंय, असं त्या म्हणाल्या. ज्या बाईला मूलबाळ नाही तिनेच ही करणी केली, असं आता दोघीही म्हणतात. मी हे मानत नाही, तुला ठाऊकच आहे. विहारात बावीस प्रतिज्ञा मीच वाचून दाखवतो. पण घरात राहायचं मला आहे.

म्हणून गुरुवारी, तू नेरळच्या बाजाराला गेली असताना, मी येऊन वेल कापले. सुजाताचा कोहळा विहिरीत टाकला. पारूच्या आईने पेरूही सांगितला होता, तोही तोडला. तू घरी असतीस तर आपल्या दोघांनाही त्रास झाला असता.

आता एकदा इथे येऊन दोघींसमोर म्हण की मी केलं आणि मागे घेते. म्हणजे मुलांना तुला भेटता येईल. मोठ्या मनाने घे.

तुझा श्रीपत

कळंब,
६ नोव्हेंबर १९७५

चि. श्रीपत यास आशीर्वाद.

मला वाटलं गुरं शिरली. गुरं कोयता घेऊन येत नाहीत, हे गंगाबाईने सांगितलं. ओला पेरू चुलीत जळत नाही रं, नुसता धूर होतो.

ताप आधी आला आणि कोहळा मागून गेला. हे तुझ्याच पत्रात आहे, मास्तर. नावं कोरल्याचं मी तुला कळवलं होतं आणि तू हसला होतास. हे पारूला सांगितलंस का? नाही सांगितलंस. फार संताप येतो तुझा.

तरी मी येते. मी केलं असं म्हणेन. मुलांचं तोंड दिसायचं नाही, तर एवढा मान ठेवून काय करू? फक्त एवढं कर. त्या वेळी मुलांना शेजारी खेळायला पाठव. मी त्यांचं वाईट चिंतलं, हे त्यांनी माझ्या तोंडून ऐकू नये. बाकी तुम्ही सांगाल ते बोलेन.

थोडी माया उरली असेल तर ती तोडू नकोस.

तुझी सुंदराताई

भिसेगाव,
११ नोव्हेंबर १९७५

ती. सुंदराताईस सविनय जयभीम.

तू समजुतीने घेतलंस, घरात सर्वांना बरं वाटलं. रविवारी सकाळच्या एसटीने ये.

मुलांना बाहेर पाठवता येणार नाही. त्यांनी तुझ्या तोंडूनच ऐकावं, अशी पारूची अट आहे, म्हणजे ती पुन्हा कळंबचं नाव काढणार नाहीत. मलाही विचार करता तेच बरं वाटतं. परतीची गाडी बाराला आहे, तेव्हा जेवायला थांबू नकोस.

गौतम आता हिंडूफिरू लागला आहे. त्याला फक्त आत्या येणार एवढंच सांगितलं आहे. तुला आणायला तो स्टँडवर येणार म्हणतो.

आशीर्वाद असू दे.

तुझा श्रीपत