न उघडणाऱ्या आठ वह्या

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (जिन्याखालून घातलेला नमस्कार दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचतो, असं धरून चाललो आहे.) तुमच्या उजव्या हाताला आता कितपत आराम आहे? मामींचे गुडघे काय म्हणतात? इकडे आम्ही सगळे मजेत. आईला धाप लागते, मला झोप लागत नाही आणि घरमालकाला आमचा लळा लागत नाही. बाकी काळजीचं कारण नाही.

माझ्या मागच्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही. हात चालत नाही म्हणून आलं नसेल, असं आई म्हणते. मी तिच्याशी वाद घातला नाही. पण गेल्या वर्षी तुम्ही मला शेवटचं जे बोललात, ते मी तारीख घालून लिहून ठेवलं आहे: “वहीची बांधणी बघून येते, सांगून येत नाही. क्लास काढलास तर या घराचा जिना चढू नकोस.” तेव्हापासून चढलेलो नाही. (सामानाची पिशवी द्यायला आलो होतो, तेव्हाही ती खालच्या पायरीवर ठेवून, बेल वाजवून पळालो. बेल शेजाऱ्यांची होती, हे नंतर लक्षात आलं. सामान त्यांना गोड लागो.)

त्या दोन पत्रांत धंद्याची भरभराट आहे असं मी लिहिलं होतं. पहिल्या पत्रापर्यंत ते खरंही होतं. हाताने शिवलेल्या वह्या आधी ओळखीच्यांना वाटल्या, मग शाळेसमोरच्या भेटवस्तूंच्या दुकानदाराने काचेच्या कपाटात मांडल्या, मग प्रदर्शनात एका बाईने विचारलं, “शिकवता का?” मामा, मला आयुष्यात कोणी हा प्रश्न विचारला नव्हता. शिकता का, एवढंच विचारत आले, आणि तेही दरडावून. मी हो म्हणालो. आठ जण जमले. खोली मिळाली ती दातांच्या डॉक्टरांच्या बरोबर वरची. मी म्हणायचो, “आता सुई आरपार काढा,” आणि खालून कोणीतरी किंचाळायचं. दोघींच्या तर पहिल्याच रविवारी दचकून सुया खाली पडल्या.

आठांपैकी एक आमच्या शाळेतल्या बाई. आठवीत मला नापास केलेल्या त्याच. त्यानंतर मी शाळेत गेलो नाही, म्हणजे माझं जे काही शुद्धलेखन आहे ते सगळं त्यांच्याच छडीचं. त्या पुढच्या बाकावर बसल्या आणि मला ‘सर’ म्हणाल्या. माझ्या हातातली खळ सांडली.

मी एकेचाळीस पायऱ्यांचं पत्रक तयार केलं होतं, समास सोडून, सुवाच्य अक्षरात. कागद दुमडण्यापासून वही शिकंज्यात दाबून ठेवण्यापर्यंत सगळं त्यात होतं. नव्हता तो फक्त मेणकागद. पुठ्ठ्याला खळ लावली की पहिल्या पानाआधी तो सरकवायचा, म्हणजे ओल आत जात नाही. मी स्वतः तो एकदाही विसरलेलो नाही. पण मामा, तो माझा डावा हात सरकवतो, तोंड दुसरंच काही बोलत असताना, अगदी तुमच्यासारखा. पत्रक मी डोक्याने लिहिलं आणि डोक्याला ते कधी माहीतच नव्हतं. वर फळ्यावर मीच लिहिलं होतं, ‘खळ सढळ हाताने लावावी.’ लोक माझं ऐकत नाहीत अशी माझी जन्माची तक्रार आहे. त्या दिवशी आठही जणांनी ऐकलं.

तुमच्याच जुन्या शिकंज्यात आठ वह्या आठवडाभर आवळून ठेवल्या. पुढच्या रविवारी काढल्या त्या विटा. एकही उघडेना. निवृत्त कारकुनांनी आपली टेबलावर आपटून पाहिली, खालून डॉक्टरांनी विचारलं, “वर कोणाचा दात काढताय?” सगळे हसले. कारकून ती वीट आता दाराला अडसर म्हणून लावतात, छान काम देते म्हणतात.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कोरे कागद शिवलेच नव्हते. त्यांच्या मुलाची बावीस पत्रं होती, पातळ कागदावरची, शाईने लिहिलेली. मुलगा जाऊन सहा वर्षं झाली. पत्रं सुटी सुटी हरवतील म्हणून त्या वही बांधायला शिकायला आल्या होत्या. हे त्यांनी मला आधी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. पत्रकात विचारायची पायरीच नव्हती.

“मी तुला नापास केलं होतं, त्याचा हिशेब का रे हा?” त्या म्हणाल्या. पुन्हा ‘अरे-तुरे’वर आल्या, त्याचं मला बरं वाटलं. मग म्हणाल्या, “उघडून दे. घाई नाही. मी रोज येईन.” आणि येतात. डॉक्टरांच्या बाकावर, गाल सुजलेल्या माणसांत बसतात. अकरा दिवसांत मी सुरीने तीन पानं सोडवली. चौथं ‘आई, मी पुढच्या महिन्यात’ इथे फाटलं. ते घेऊन खाली गेलो. त्या म्हणाल्या, “पुढचं मला पाठ आहे.” मग तुकडा उजेडात धरून म्हणाल्या, “पण अक्षर पाठ होत नाही रे.”

तेव्हापासून मी सुरी हातात धरलेली नाही. क्लास बंद आहे. तुमचं बरोबर होतं.

पत्राला खास कारण असं नाही. सवड होईल तेव्हा मामींकडून दोन ओळी लिहवून घ्याव्यात.

तुमचा आज्ञाधारक (एक आज्ञा वगळून)
भाचा

ता. क. पुरात भिजलेली कचेरीची दप्तरं तुम्ही पान न् पान सोडवली होतीत. किटली मी धरली होती, पण मी मूर्ख, वाफेकडे बघत बसलो, तुमच्या बोटांकडे नाही. शाई न फुटता ते कसं केलंत, ते सांगाल का? तुमचा हात लागणार नाही. तुम्ही नुसतं सांगा, हात माझे. (बांधणी सांगून येत नाही, हे मान्य. पण सोडवणं सांगून येतं का, हे आपण दोघांनी कधी करून पाहिलेलं नाही.)

ता. क. दुसरा. वर ‘सवड होईल तेव्हा’ असं लिहिलं आहे, ते खोडून वाचावं. हे पत्र टपालाने आलेलं नाही. ज्यांनी ते तुमच्या हातात दिलं आणि अजून दारात उभ्या आहेत, त्याच त्या बाई. पिशवीत वही आहे. त्यांना आधी बसायला द्या, दोन मजले चढून आल्या आहेत.

ता. क. तिसरा. मी खाली आहे, पहिल्या पायरीच्या अलीकडे. किटली आणली आहे.